दोन डावे हात

तुम्ही माझ्या बापाला अडाणी म्हणालात. तोंडावर म्हणाला असतात तर एक वेळ चाललं असतं. तोंडावर बोलणाऱ्याला तो उत्तर द्यायचा नाही, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत बसायचा आणि बोलणाराच कंटाळून निघून जायचा. पण तुम्ही बाप वारल्यावर म्हणालात, पितळी पाटीवर कोरून म्हणालात, आणि खाली माणसाचं नाव नाही, नुसतं 'जतन समिती'. समितीला तोंड नसतं, म्हणून मला कागद घ्यावा लागला. मी लिहिणारी बाई नाही. शाळा अर्ध्यात सुटली, पुढचं सगळं वाचनालयातल्या फाटक्या पुस्तकांवर शिकले, तेव्हा माझ्या वाक्यांत तुम्हाला चुका सापडतील. खुशाल शोधा. चुका शोधायची तुमची नजर बारीक आहे हे मी चर्चच्या पूर्वेकडच्या तिसऱ्या खिडकीखाली उभी राहून वाचलंय. 'दिवा धरलेल्या स्त्रीचा उजवा हात हा मूळ काचकामाचा भाग नसून सुमारे चाळीस वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीतला आहे. अनामिक कारागिराच्या अज्ञानामुळे उजव्याच्या जागी डावा हात रेखाटला गेला असून तर्जनीवर तडा आहे. येत्या जतनकामात हा तुकडा बदलण्यात येईल.' मला पाठ झालंय. चांगलं कधी इतक्या लवकर पाठ होत नाही.

त्या दिवशी मी आईला घेऊन आले होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन आठवड्यांपूर्वी तिच्या डोळ्यांत दिवा मारून बघितलं होतं आणि मग तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाले होते की मधला भाग गेलाच आहे, कडेचं दिसतंय तेही फार दिवस दिसणार नाही. आई म्हणाली, "माझ्याशी बोला डॉक्टर, कान शाबूत आहेत." जिन्यात तिने माझा दंड धरला. मला वाटलं रडेल, पण तिने हिशेबी आवाजात विचारलं, "ती खिडकी उघडली का गं परत?" छपराच्या कामासाठी तुम्ही चर्च सहा वर्षं बंद ठेवलं होतंत. उघडलं होतं. "मग रविवारी ने मला. रंग तरी दिसतील." एवढंच मागितलं तिने. माझ्या आईने आयुष्यात मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि तिच्या बाबतीत ही नुसती म्हण नाही.

आत आलो तेव्हा थंडी अंगावर आली, दगडाची थंडी, जी उन्हाळ्यातही तशीच असते. खांब वर जाताना बारीक होत होते आणि वर पोचल्यावर फुटून कमानी होत होत्या, टोकदार, नमस्काराला जोडलेल्या हातांसारख्या. लहानपणी मला इथे नेहमी वाटायचं की आपण एखाद्या मोठ्या जनावराच्या बरगड्यांत उभे आहोत आणि ते झोपलंय, म्हणून सगळे हळू बोलतात. आता ते जनावर भुसा भरून ठेवल्यासारखं दिसत होतं. दोऱ्या बांधलेल्या, बाणांच्या खुणा, कानाला लावायची यंत्रं. आईला मी सगळं तोंडाने दाखवत होते. मधलं मोठं तीन फळ्यांचं चित्र, सोन्याचा वर्ख, निळा झगा, आणि खाली कोपऱ्यात गुडघ्यांवर बसलेलं एक लठ्ठ जोडपं. "हे कोण?" "ज्यांनी चित्र काढवून घेतलं ते." "नावं आहेत?" "आहेत." "आणि काढलं कोणी?" मी पाटी वाचली. "माहीत नाही म्हणे." आई म्हणाली, "बसलेत मात्र पुढच्या रांगेत." मग गायकांच्या लाकडी खुर्च्या लागल्या. त्या खुर्च्यांची बसायची फळी वर उचलली की खाली कोरीवकाम आहे, तुम्हाला माहीतच असेल, डुक्कर पावा वाजवतंय, एक बाई आमटीच्या डावाने नवऱ्याला बडवतेय. आईने दोरीवरून हात घालून त्या बाईचा चेहरा चाचपला आणि म्हणाली, "ही तर तुझी आत्या." तेवढ्यात राखणदार आला. "आजी, हात नाही लावायचा." "दिसत असतं तर लावला असता का रे?" तो बिचारा लाजला, दोन पावलं मागे झाला आणि छताकडे बघत राहिला. आईने तो वेळ वाया घालवला नाही, डुकरालाही चाचपून घेतलं. मी हसत होते. मला तेव्हा वाटत होतं की आजचा दिवस चांगला जाणार.

तिसऱ्या खिडकीखाली ऊन बरोबर वेळेवर आलं होतं. आईचा चेहरा अर्धा लाल, अर्धा हिरवा झाला. ती मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेने, कोंबडी दाणा बघते तसं वर बघत होती. तिने डावा हात वर करून बोट दाखवलं. "तिथे. पिवळ्याच्या खाली. आहे ना?" होता. दिव्याच्या मुठीभोवती वळलेली चार बोटं, अंगठा जिथे नको त्या बाजूला, तर्जनीवर बारीक तिरकी रेघ. तिथेच खाली भिंतीवर पितळ चमकलं आणि ते मी मनात वाचलं, एकदा, मग परत. आईला माझा श्वास ऐकू येतो. "काय लिहिलंय? वाच ना." मी वाचलं. म्हणजे मी म्हणाले, "लिहिलंय की, हा हात चाळीस वर्षांपूर्वी एका कुशल कारागिराने बसवला, आणि त्याने, त्याने जुन्या कामाशी इतकं छान जमवून घेतलं की आजही..." "खोटारडे," आई म्हणाली. "तुझ्या बापाबद्दल कोणी एवढं लांब चांगलं लिहिणार नाही. खरं काय ते वाच." मी काहीतरी जुळवतच होते, तोवर मागून वाटाड्या बाई वीस-पंचवीस माणसं घेऊन आली. तिच्या हातात मिटलेली पिवळी छत्री होती. "आता इथे एक गंमत बघा," ती म्हणाली. "या बाईला दोन डावे हात आहेत! दुरुस्ती करणाऱ्याला बहुतेक आपला उजवा कुठला तेच ठाऊक नव्हतं." माणसं हसली. वाईट हसली नाहीत, सहलीला आलेली माणसं हसतात तशी हसली. कुणीतरी म्हणालं, "म्हणूनच स्वयंपाकात मदत नाही करत." आणखी हसली. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, आईकडे बघितलं. तिचा उजवा हात, जो इतका वेळ माझ्या दंडावर उघडा होता, तो तिने काढून घेतला आणि सावकाश, किल्ली ठेवावी तसा, कोटाच्या खिशात घातला.

तो खिसा मला ओळखीचा आहे. मी नऊ वर्षांची होते तेव्हा आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. तिथे चादरींना इस्त्री करायचे दोन मोठे गरम रूळ होते, ओली चादर एकीकडून घालायची, कोरडी दुसरीकडून निघायची. एका दुपारी चादरीची घडी अडकली, तिने ती सोडवायला हात पुढे केला, आणि रुळांना चादर आणि हात यातला फरक कळत नाही. उजव्या हाताची तीन बोटं गेली. उरला तो अंगठा आणि करंगळी, मध्ये गुळगुळीत, चकाकणारी कातडी. घरी आल्यावर ती तीन वर्षं तो हात झाकून जगली. घरात रुमालाखाली, बाहेर खिशात, फोटोत पाठीमागे. मला कुशीत घ्यायची तेही एकाच हाताने. मी झोपलेय असं वाटून एकदा तिने तो हात माझ्या केसांवर ठेवला होता आणि मी जागी आहे हे कळू नये म्हणून मी इतका वेळ श्वास धरला की छातीत दुखलं. बाबांनी या सगळ्यावर एक शब्द काढला नाही. शेजारणी म्हणायच्या, दगड आहे माणूस. दगड नव्हता, काच होता. काचेशी काम करणाऱ्याला माहीत असतं की बोटाने टिचकी कुठे मारायची नाही.

मग गारा पडल्या. तुमच्या दप्तरात नोंद असेलच. तिसऱ्या खिडकीतल्या दिवेवाल्या बाईचा उजवा हात फुटला, एवढाच तुकडा, तळहाताएवढा. मोठ्या काचशाळेने एका तुकड्यासाठी माणूस पाठवायला नकार दिला म्हणून तुमच्यातल्याच कोणीतरी गल्लीतल्या काचवाल्याला बोलावलं, जो एरवी दुकानांच्या तावदानांची आणि न्हाणीघरांच्या आरशांची कामं करायचा, पण ज्याने तरुणपणी एका म्हाताऱ्या उस्तादाकडे सात वर्षं रंगीत काच शिकली होती. अज्ञान म्हणे. बाबांनी मूळ हाताचं चित्र मागितलं, तुमच्याकडे नव्हतं. तेव्हा एका रविवारी दुपारी त्यांनी स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी स्टूल ठेवलं, आईला बसवलं आणि तिच्या डाव्या हातात दुधाच्या पातेल्याचा दांडा दिला. "असा धर. दिवा आहे असं समज." "दिवा कसला, पातेलंय. आणि ते घासायचंय अजून." "हलू नको." "अहो, नाक खाजतंय." "मी खाजवतो." आणि खरंच खाजवलं, पेन्सिलच्या मागच्या टोकाने, तोंडावरची रेष न हलवता, आणि आई इतकी हसली की हात हलला आणि पहिला कागद फुकट गेला. मी टेबलाखाली बसून ऐकत होते. आमच्या घरात तीन वर्षांनी कोणीतरी मोठ्याने हसत होतं. बाबांनी सगळं काढलं. नखांचे चंद्र, सांध्यांवरच्या सुरकुत्या, आणि तर्जनीवरची ती तिरकी रेघ, जी डबा उघडताना पत्र्याने कापल्याची होती, लग्नाच्या आधीची. तुम्ही तिला तडा म्हणता. काचेला नख लावून बघितलं असतंत तर कळलं असतं की तो रंग आहे, भट्टीत भाजलेला. तो तडा नाही, व्रण आहे. माझ्या आईच्या बोटावर अजून आहे, हवं तर घेऊन येते.

आता तुम्ही विचाराल, पण उजवा हात हवा होता ना? हवा होता. आणि त्याला काय लागतं तेही सांगते, म्हणजे पुढच्या पाटीवर लिहायला उपयोग होईल. डाव्या हाताचं चित्र कागदावर काढायचं, कागद पालथा करायचा, उजेडावर धरायचा. उजवा हात झाला. त्यावर काच ठेवून काच कापायची आणि रंगवायची. एवढंच. हे काचवाल्याला पहिल्या आठवड्यात शिकवतात, तो झाडू मारायला शिकतो त्याच्यानंतर लगेच. बाबांनी कागद पालथा केला नाही.

हा तुकडा बसवल्यावर आम्ही तिघं बघायला आलो होतो. आई येत नव्हती, चर्चमध्ये ओळखीची माणसं असतात, खिशाकडे बघतात. बाबा म्हणाले, "माझं काम आहे, बघायला नको?" ती याच ठिकाणी उभी राहिली, आज पाटी आहे त्याच्यापासून दोन पावलांवर, आणि तिला पाच मिनिटं काही कळलं नाही, आणि मग कळलं. तिने आधी डावा हात वर धरला, खिडकीतल्या बाईसारखा. मग खिशातून उजवा काढला. भर चर्चमध्ये, लोकांसमोर, ती उरलेली दोन बोटं तिने दुसऱ्या हाताशेजारी उजेडात धरली, त्यांच्यावर लाल पडलं, पिवळं पडलं. "अहो," ती म्हणाली, "हिचे दोन्ही डावेच केलेत की." बाबांनी चष्मा काढला. पुसला. "असू दे," ते म्हणाले. तेव्हाचे म्हातारे फादर मागे येऊन उभे होते. त्यांनीही बराच वेळ वर बघितलं. तेही काही आंधळे नव्हते. म्हणाले, "दिवा नीट धरलाय ना तिने? मग झालं." त्या दिवसानंतर आईने उजवा हात खिशात घातला नाही. बाजारात नाही, लग्नकार्यात नाही, बाबांच्या शेवटच्या दिवसांत तर त्याच दोन बोटांत चमचा धरून त्यांना भरवायची आणि चमचा डाव्यात घेतला की ते म्हणायचे, "डाव्याने नको, सांडतेस." चाळीस वर्षं. आणि परवा तुमच्या पाटीसमोर, पिवळ्या छत्रीच्या एका वाक्यात, तो परत आत गेला.

माणसं पुढे गेल्यावर आम्ही बाकावर बसलो. रंग फरशीवरून सरकत आमच्या बुटांपर्यंत आले होते. जो प्रश्न मी लहानपणापासून गिळत आले होते तो मी विचारला. "आई, बाबा चुकले होते का गं? की मुद्दाम?" तिने बुटाचं टोक रंगात पुढे सरकवलं. मग म्हणाली, "मला काय माहीत." "म्हणजे? कधी विचारलं नाहीस?" "नाही." "एवढ्या वर्षांत?" "विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी," आई म्हणाली. "खोटं बोलता यायचं नाही त्यांना. मग काय केलं असतं मी?" आणि थोड्या वेळाने, अगदी सहज, "थंडी वाजतेय, चल." मी तिला उठवायला उजवीकडे हात पुढे केला. तिने डावा दिला.

सोमवारी मी कामाला गेले. मी कवळ्या करते. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात, मी प्लास्टरचा साचा काढते, मेणात दात बसवते. माझ्या टेबलावर दिवसभर अनोळखी माणसांची तोंडं उघडी पडलेली असतात, माझ्याकडे बघून ओरडतायत असं वाटावं अशी. त्या दिवशी एका साच्यावर हात ठेवून मी किती वेळ बसले होते कोण जाणे. शेजारच्या टेबलावरची लाडकी, तिला आम्ही लाडकीच म्हणतो, म्हणाली, "काय गं, दातखीळ बसली का?" मला माझी पंधराव्या वर्षीची चूक आठवत होती, नोकरीच्या पंधराव्या वर्षीची. चिठ्ठीवर डावी दाढ लिहिली होती, साचा माझ्यासमोर तोंड करून ठेवलेला, आणि मी माझ्या डावीकडची केली. समोरच्याचं डावं ते आपलं उजवं, हे आम्हालाही पहिल्या आठवड्यात शिकवतात. त्या आठवड्यात माझी मुलगी तापाने फणफणली होती आणि मी दात बघत होते, पण मला तिचंच तोंड दिसत होतं. तेव्हा मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. असं झालं असेल. बाबाही चुकले असतील. आईचा हात काढताना त्यांना फक्त तो हात दिसला असेल, खिडकी दिसलीच नसेल, आणि कागद पालथा करायचा राहून गेला असेल. किंवा कागद पालथा केला असेल, उजेडावर धरला असेल, आणि तो उजवा हात बघितला असेल, पाच बोटांचा, धडधाकट, जो जगात कुठेच नव्हता, आणि गुपचूप परत सुलटा केला असेल. मला दोन्ही दिसतं. डोळे मिटले की कागद एकदा पालथा होतो, एकदा होत नाही. कुठलं खरं ते मला माहीत नाही, आईला माहीत नाही, आणि ज्याला माहीत होतं त्याने 'असू दे' म्हणून चष्मा पुसला. मग तुम्हाला कुठून कळलं? प्रेमाने चुकला की प्रेमाने चुकला नाही, एवढाच वाद आहे इथे. यात 'अज्ञान' हा शब्द तुम्हाला कुठे सापडला, तेवढं मला दाखवा.

राखणदाराने सांगितलं की पुढच्या सोमवारी परांच्या लागणार, तिसऱ्या खिडकीपासून सुरुवात. त्याला मी दोष देत नाही, त्या छत्रीवाल्या मुलीलाही नाही, ती तुमची पाटी वाचून बोलते. मी तुम्हाला विचारतेय. तुमच्या तज्ज्ञांचा उजवा हात सुरेख असेल. अंगठा जिथे हवा तिथे असेल. तो कुणाचाच हात नसेल. आणि काचा जोडणारं शिसं वाकवून जो तुकडा तुम्ही काढाल, तो कुठल्या खोक्यात ठेवणार आहात? त्यावर काय चिठ्ठी लावणार, 'अज्ञान, एक नग'? पाटीवर माझ्या बापाचं नावही मला नको आहे, त्याला आवडलं नसतं. मला दोनच गोष्टी हव्यात. पितळेवरून एक शब्द खरवडून काढा, आणि तो हात आहे तिथे राहू द्या, निदान माझ्या आईला कडेचं दिसतंय तोवर.

आईने प्रश्न विचारला नाही, कारण तिला उत्तराची भीती होती. मला नाही. रविवारी मी तिला परत घेऊन येणार आहे, सकाळच्या उन्हात, तिला तिचा कोट घालून. तिसऱ्या खिडकीखाली उभं राहून ती मला म्हणणार, वाच. तेव्हा मी तिला काय वाचून दाखवू? हात काढणार आहात की ठेवणार आहात? हो की नाही, रविवारच्या आत सांगा.